उशाशी उकळी

रात्री निजण्यापूर्वी किटलीत पाणी भरायचं, तिच्याखालच्या छोट्या दिव्यात स्पिरिट ओतायचं, एक काडी चिमट्यात बसवायची, गजर लावायचा आणि अंथरुणात शिरायचं. सकाळी ठरल्या वेळी गजराची कळ सुटते. काडी खरखरीत पट्टीवर घासली जाऊन पेट घेते, तिच्यावर दिवा पेटतो, किटली तापायला लागते. पाण्याला उकळी फुटली की वाफेच्या जोराने बिजागरीवरची एक झडप उचलली जाते. तिने अडवून धरलेली किटली मोकळी होते, पुढे कलते आणि उकळतं पाणी चहाच्या भांड्यात ओतते. मग एक पत्रा दिव्यावर येऊन ज्योत झाकतो. दिवा विझतो. एवढं सगळं होईपर्यंत मालक गादीतच.

बर्मिंगहॅमच्या फ्रँक क्लार्क यांनी 1902 साली या यंत्राचं पेटंट घेतलं आणि चहा करणारं घड्याळ म्हणून ते बाजारात आणलं. क्लार्क बंदुका बनवणारे. मूळ यंत्र मात्र त्यांचं नव्हे. ते मँचेस्टरजवळच्या अ‍ॅश्टन-अंडर-लाइन गावातल्या अल्बर्ट रिचर्डसन या घड्याळजीचं, आणि क्लार्क यांनी त्याचे हक्क विकत घेतलेले. नाव एकाचं आणि डोकं दुसऱ्याचं, ही कारखानदारीतली जुनीच गोष्ट. पण घड्याळजी आणि बंदूकवाला ही जोडी या यंत्राच्या बाबतीत इतकी चपखल आहे की कथेत घातली असती तर वाचकाने लेखकावर ओढूनताणून जुळवल्याचा आरोप केला असता.

बंदुकीचा चाप ओढायला बोटाचा जोर पुरतो. त्या जोराने गोळी सुटत नाही. तो फक्त आधीच ताणून ठेवलेल्या स्प्रिंगला मोकळं करतो. स्प्रिंग घोड्याला पाडते, घोडा टोपीवर आपटतो, टोपी दारूला पेटवते. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्यातली दडलेली ताकद सोडवतो. क्लार्कच्या यंत्रात नेमकं हेच आहे. रात्री घड्याळाला दिलेली किल्ली ही एक साठवण, काडीच्या टोकावरचा मसाला ही दुसरी, स्पिरिट तिसरी, आणि कलायला टपून बसलेल्या भरल्या किटलीचं वजन ही चौथी. सकाळी कोणतीच नवी ताकद लागत नाही. गजराची स्प्रिंग किटली उचलत नाही आणि काडी पाणी तापवत नाही. जो तो आपलं हलकं काम करून बाजूला होतो. पाणी ओतण्याचं जड काम पाण्याचं वजनच करतं. संस्कृत काव्यशास्त्रात क्षेमेंद्राने औचित्याचा विचार मांडला: जे जिथे शोभतं ते तिथे असावं, दुसऱ्याचं काम त्याच्या गळ्यात पडू नये. यंत्राला हा निकष लावायचा ठरवलं तर क्लार्कचं घड्याळ काठावर नव्हे, चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतं.

त्यातही मला सर्वांत आवडते ती झडप. पाणी उकळलं हे यंत्राला कळणार कसं? गजराच्या भरवशावर आठ-दहा मिनिटांनी किटली कलवता आली असती. घड्याळ हाताशी होतंच. पण थंडीत पाणी उशिरा उकळतं, किटली अर्धी असली तर लवकर. घड्याळाला हे माहीत नसतं. म्हणून सुरुवात घड्याळाने करायची आणि शेवट पाण्याने, अशी कामाची वाटणी रचणाऱ्याने केली. पाणी स्वतःच सांगतं की मी उकळलं. वाफ ही खूण आहे आणि किटली सोडवणारा हातही तीच आहे. खूण आणि कृती एकाच गोष्टीत सापडणं हे भाग्य कवींनाही क्वचित लाभतं.

आता दोषाकडे. पडदे, उशा, ब्लँकेट आणि रात्रीचे कपडे यांच्यामध्ये, माणूस गाढ झोपेत असताना, आपोआप पेटणारी काडी आणि तिच्याजवळ उघडं स्पिरिट. आजच्या कोणत्याही सुरक्षा-तपासणीत हे यंत्र दारातूनच परत पाठवलं जाईल. ज्योत झाकणारा तो पत्रा म्हणजे रचणाऱ्यालाही या भीतीची जाणीव होती याचा पुरावा. पण पत्रा यायचा शेवटी, उकळी फुटल्यानंतर. काडी चिमट्यातून निसटून चटईवर पडली तर तिला विझवणारं कोणी नाही. सगळा क्रम निर्दोष आणि पहिलीच पायरी निसरडी, अशी ही रचना आहे.

गंमत म्हणजे याहून शहाणी कल्पना अकरा वर्षं आधीच कागदावर आलेली होती. 1891 साली डर्बीच्या सॅम्युएल रोबॉटम यांनी चहा आपोआप करणाऱ्या उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्याकडे काडी नव्हती. गॅसची बारीक ज्योत रात्रभर तेवत राही आणि घड्याळ मोठी शेगडी सुरू करी. किटलीही कलत नव्हती. झाकण घट्ट लावलेल्या किटलीत एक नळी तळापर्यंत उतरवलेली. पाणी उकळलं की वर कोंडलेली वाफ पाण्याच्या पृष्ठभागावर दाब देते आणि पाण्याला नळीतून वर चढून शेजारच्या भांड्यात जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. किटलीत हलणारा भाग शून्य. बिजागरी नाही, झडप नाही, कलणं नाही. क्लार्कचं यंत्र बघायला जास्त मजेचं, कारण त्यात नाट्य आहे. रोबॉटमचं निमूट. पुढच्या काळात टिकलं ते निमूटच.

ते टिकवलं विजेने. 1933 मध्ये ब्रेनर थॉर्नटन यांनी विजेवर चालणाऱ्या अशाच यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि पुढे त्याचे हक्क गॉब्लिन या नावाने माल विकणाऱ्या कंपनीकडे गेले. ही कंपनी मूळची व्हॅक्यूम क्लीनरवाली, ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी उभी केलेली. 1930 च्या दशकात गॉब्लिनने ‘टीझमेड’ या नावाने हे यंत्र बाजारात आणलं आणि ते इतकं रुळलं की पुढे अशा कोणत्याही कंपनीच्या यंत्राला ब्रिटनमध्ये लोक टीझमेडच म्हणू लागले. आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणत तसं. (त्याच 1933 च्या सुमारास इटलीत बियालेत्ती यांचं मोका हे कॉफीचं भांडं आलं. तेही वाफेच्या दाबाने पाणी वर ढकलतं. मात्र मोका गॅसवर ठेवून समोर उभं राहावं लागतं. इंग्रजांना उभंच राहायचं नव्हतं.)

टीझमेडचं पोट उघडून पाहिलं तर आत फारसं काही नसतं, आणि हीच त्याची थोरवी. किटली ज्या बैठकीवर बसते तिच्याखाली स्प्रिंगवरचं एक बटण असतं. किटली भरलेली असली की तिच्या वजनाने बटण खाली दबतं आणि वीज जायला वाट मिळते. गजराच्या वेळी घड्याळ दुसरं बटण चालू करतं, पाणी तापतं, वाफ कोंडते, पाणी नळीने चहाच्या भांड्यात जातं. किटली रिकामी होत जाते तशी हलकी होते. पुरेशी हलकी झाली की स्प्रिंग तिला इवलंसं वर उचलते. बटण सुटतं, वीज तुटते, आणि त्याच क्षणी गजर वाजतो. रिकामी किटली तापून जळण्याचा प्रश्न त्याच बटणाने मिटतो. रात्री पाणी भरायला विसरलात तर यंत्र सकाळी सुरूच होत नाही, तेही त्याच बटणामुळे. एका स्प्रिंगने तीन कामं: सुरू होण्याची परवानगी, थांबण्याचा हुकूम आणि चहा झाल्याची वर्दी. क्लार्कच्या झडपेत जी हुशारी होती ती इथे आणखी आटली. तिथे यंत्र वाफेला विचारत होतं. इथे ते नुसतं वजन जोखतं.

गजराची जागाही बघण्यासारखी आहे. साधं घड्याळ आधी उठवतं, मग तुम्ही चहा करता. इथे चहा आधी होतो, मग तुम्हाला उठवलं जातं. निदान रचणाऱ्याचा बेत तसा होता. प्रत्यक्षात नळीतून चढणारं पाणी इतकी गुरगुर करतं, खळखळतं आणि शेवटी भसाभस वाफ सोडतं की गजर वाजेपर्यंत झोपलेला माणूस कुंभकर्णाच्या गोत्राचाच असावा लागतो. ज्यांनी हे यंत्र वर्षानुवर्षं वापरलं ते गजरापेक्षा या गुरगुरीच्याच आठवणी जास्त सांगतात.

दिसायला टीझमेड स्वयंपाकघरातलं वाटतच नाही. पुढे घड्याळाची तबकडी, कित्येक मॉडेलांत दिवाही. किटली आणि भांडं शेजारी किंवा मागे, अंगाबरोबर बसवलेली. त्याची जागा ओट्यावर नाही, पलंगाजवळच्या छोट्या टेबलावर. इथे थोडं थांबायला हवं, कारण यंत्राचा खरा आशय या जागेत आहे. व्हिक्टोरियन काळातल्या सुखवस्तू इंग्रज घरात सकाळी मोलकरीण चहाचा ट्रे घेऊन शयनगृहात येई, पडदे सारी, चहा ठेवून जाई. पहिल्या महायुद्धानंतर घरात राहणारे नोकर मिळेनासे झाले, परवडेनासे झाले. मध्यमवर्गाची मोलकरीण गेली, पण त्याला अंथरुणातला चहा हवाच होता. टीझमेड त्या मोलकरणीच्या जागी उभं राहिलं. दिवा लावतं, उठवतं, चहा तयार ठेवतं. फक्त पडदे सारत नाही.

पण कामाचं काय झालं? पाणी भरणं, पत्ती मोजून घालणं, कप-बशा मांडणं, दुधाचं छोटं भांडं झाकून ठेवणं, सकाळी चोथा टाकून सगळं धुणं, हे कोणीतरी करायचंच. ते फक्त सकाळचं रात्रीवर गेलं. यंत्राने काम कमी केलं असं कोणी म्हणालं तर ते अर्धसत्य आहे. त्याने कामाची वेळ बदलली. आपल्याकडे सकाळचा पहिला चहा घरातलं सर्वांत आधी उठणारं माणूस करतं, आणि ते माणूस बहुतेक घरांत कोण असतं हे सांगायची गरज नाही. तिच्या दृष्टीने वेळ बदलणं हीदेखील लहान गोष्ट नव्हे. थंडीच्या पहाटे गारठलेल्या स्वयंपाकघरात न जाता दहा मिनिटं जास्त पडून राहता येणं याची किंमत ज्याने ती दहा मिनिटं कधी गमावलेलीच नाहीत त्याने ठरवू नये.

चहा म्हणून पाहिलं तर टीझमेडचा चहा साधारणच. पाणी रात्रभर किटलीत पडून राहिलेलं. दूध खोलीच्या उबेत आठ तास. शिवाय वाफेच्या दाबाच्या युक्तीत एक खोट आहे: कोंडलेली हवा आणि वाफ तापून फुगायला लागली की पाणी पुरतं खदखदण्याआधीच नळीत चढू शकतं, आणि भांड्यात पडेपर्यंत आणखी थोडं निवतं. इंग्रजी चहाच्या सोवळ्यात आधी भांडं गरम पाण्याने विसळून घ्यायचं असतं आणि पाणी खळखळतं असतानाच पत्तीवर ओतायचं असतं. यंत्राने पहिला नियम सोडलाच, दुसराही सैल केला.

तरीही यंत्र होऊ शकलं, कारण इंग्रजी चहाची कृतीच तशी आहे. पाणी एका भांड्यात उकळतं, पत्ती दुसऱ्या भांड्यात भिजते, दूध तिसऱ्यात थंड वाट पाहतं. तिन्हींचे संबंध ओतण्यापुरते. म्हणूनच ही कृती नियमात मांडता येते. ब्रिटिश मानक संस्थेने चहा कसा करावा याचं सहा पानी मानक काढलं होतं; 1980 साली त्याच धर्तीवर आंतरराष्ट्रीय मानक 3103 आलं: 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, 6 मिनिटं. चहा चाखणाऱ्यांना वेगवेगळे नमुने सारख्या पद्धतीने करून ताडता यावेत एवढाच त्याचा हेतू. जगाने मात्र त्याची थट्टा केली आणि 1999 मध्ये त्या सहा पानांना साहित्याचा इग नोबेल हा गमतीचा पुरस्कार दिला. मला ती थट्टा थोडी अन्यायाची वाटते. जी गोष्ट सहा पानांत लिहिता येते तिचं यंत्र होतं. जी लिहिता येत नाही तिचं होणं अवघड.

आपला चहा लिहून दाखवा. पाणी अंदाजाने, साखर घरच्या सवयीने, आलं किसून की ठेचून यावर वाद, कोकणात गवती चहाची पात, आणि मग चहा पावडर. ही पावडरसुद्धा लांब पानांची नव्हे. 1930 च्या सुमारास आसामच्या अमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर यांनी पान चिरडून, फाडून, वळवून दाणे करण्याचं यंत्र काढलं, त्यातून पुढे आलेली ही सीटीसी. ती झपाट्याने रंग सोडते आणि दुधासमोर टिकते. पण खरा पेच पावडरीत नाही, दुधात आहे. आपण सगळं एकाच भांड्यात उकळतो. दूध तापलं की पृष्ठभागावर प्रथिनांची साय धरते, खालून आलेले वाफेचे बुडबुडे तिच्याखाली अडकतात, फेस बनतो आणि बघता बघता काठावर येतो. पाणी उकळलं तर उकळत राहतं. दूध उतू जातं. म्हणून पाण्याच्या चहाला घड्याळ पुरतं आणि दुधाच्या चहाला डोळा लागतो. टीझमेडच्या किटलीत दूध घालून पाहा (नका घालू): नळीत फेस चढेल, तापत्या भागाला दूध करपून चिकटेल, आणि वजन जोखणारी ती हुशार स्प्रिंग अर्ध्या रिकाम्या, अर्ध्या जळक्या किटलीपुढे हतबल होईल.

दुधाचं हे वागणं ओळखून केलेलं एक उपकरण मात्र आपल्या घरांत अनेक वर्षं आहे, आणि त्याचं कौतुक कोणी केलेलं माझ्या वाचनात नाही. दुधाचा शिट्टीवाला कुकर. दुहेरी भिंतीचं भांडं, भिंतींच्या पोकळीत वाटीभर पाणी, वर शिट्टी. पोकळीतलं पाणी उकळलं की शिट्टी वाजते. ते पाणी 100 अंशांच्या आसपास थांबतं, त्याच्या पुढे जात नाही, म्हणून आतलं दूध उकळीच्या उंबरठ्यावर येतं पण उतू जात नाही. इथेही हलणारा भाग नाही, इथेही पाणीच वर्दी देतं. रोबॉटमच्या किटलीच्या पंगतीला बसावं असं हे भांडं आहे.

पण त्यात चहा होत नाही! कारण जे दुधाला वाचवतं तेच चहाला मारतं. आपल्या चहाला खदखदती उकळी हवी असते. फेस वर येऊ द्यायचा, आच कमी करायची, खाली बसू द्यायचा, पुन्हा वर येऊ द्यायचा. पुण्यातल्या अमृततुल्यात पितळी पातेल्यासमोर बसलेला माणूस हेच करतो. पळीने चहा उचलून उंचावरून परत सोडतो, तेवढ्यात फेस मोडतो. खलबत्त्यात वेलदोडा कुटता कुटता त्याची नजर पातेल्याच्या काठावरून हटत नाही. त्याच्या हाताने पळी उचलली जाते ती मिनिट मोजून नव्हे, आवाज बदलला म्हणून. खळखळ मंदावून घुसमटल्यासारखा आवाज आला की फेस चढतोय.

इंजिनीअरिंगच्या मुलांच्या प्रकल्पांत आणि बाजारात आता आपल्या चहाची यंत्रं येऊ लागली आहेत. त्यांत पावडर किती ग्रॅम, साखर किती, दूध किती, मोबाइलवरून सुरू कसं करायचं, याचीच फार काळजी दिसते. मापं चमच्यानेही होतात. हे यंत्र करू पाहणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं: आधी कुठल्यातरी अमृततुल्यात तासभर पातेल्याजवळ उभे राहा आणि फेस कितव्या बोटापर्यंत चढला की पळी उचलली जाते ते पाहा. तुमच्या यंत्राला तो फेस ओळखून तेवढ्यापुरती आच कमी करता आली पाहिजे. ते जमलं नाही तर बाकीचं सगळं असूनही ओटा पुसावाच लागेल.